पिंगला गुरू आणि दारू सोडणाऱ्यांची सभा



दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की अवधूताच्या चोवीस गुरूंवर बोला, असा आग्रह होतो. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य ही यादी आपल्यातल्या पुष्कळांना पाठच आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं ती यदुराजाला सांगितली आणि पैठणच्या नाथमहाराजांनी आपल्या भागवतात मराठीतून तिचा विस्तार केला. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावरचे, दत्ताचे उपासक. म्हणजे ही शिदोरी आपल्या मराठवाड्याच्या घरचीच आहे.

आता त्या यादीतले जीव आठवा. पतंग दिव्यावर झेप घेतो आणि जळतो. मासा जिभेपायी गळाला लागतो. हत्ती स्पर्शाच्या लोभानं खड्ड्यात पडतो, हरीण गाण्याला भुलतं, कबुतर पिलांच्या मायेनं जाळ्यात उतरतं. सगळे अडकले आणि संपले. आपण ऐकतो, मान डोलावतो, घरी जातो. पण एखादा आधीच अडकलेला असेल तर त्यानं सुटायचं कसं, हे मासा सांगू शकत नाही. तो मेला. चोचीतलं मांस टाकून मोकळा झालेला कुरर पक्षी सोडला, तर पुरती अडकून पुन्हा बाहेर आलेली गुरू एकच, ती पिंगला. आणि नेमकं तिच्यापाशी आम्ही प्रवचनकार घाई करतो. समोर मायबहिणी बसलेल्या असतात, वेश्येची कथा कशी सांगावी म्हणून दोन वाक्यांत उरकतो.

यंदा मी तिच्यापाशीच बसणार आहे. कारण ज्या दुखण्यानं आपल्या भागातली चांगली चांगली घरं बसली, त्या दारूच्या दुखण्याची वाट पिंगलेच्या एका रात्रीतून जाते असं मला दिसतं.

पिंगला विदेहनगरीतली. संध्याकाळी नटूनथटून दारात उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून तिला वाटायचं, हा थांबेल, हा मोठी रक्कम देईल. तो पुढे निघून जायचा. मग वाटायचं, पुढचा येईल. आत जायची, बाहेर यायची, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. असं करता करता मध्यरात्र झाली. तोंड सुकलं. आणि त्या येरझारांतच तिला एकदम कळलं की आजवर मी हेच करत आले, आणि हे माझ्या हातात राहिलेलं नाही. तिथं तिची आशा संपली. भागवत सांगतं, ती अंथरुणावर पडली आणि सुखानं झोपली.

दारूत बुडालेल्या माणसाची संध्याकाळ बघितली आहे का कधी? हुबेहूब हीच. घरातून बाहेर, बाहेरून घरात. आज घेणार नाही. बरं, एक चपटी, तेवढीच. उद्यापासून बंद. पोळ्यानंतर बंद. दिवाळीनंतर बंद. त्याला बाटलीनं बांधलंय खरं, पण त्याहून घट्ट बांधलंय ते "मी मनात आणलं की सोडीन" या आशेनं. ही आशा सुटेपर्यंत बाटली सुटत नाही. अवधूतानं पिंगलेला गुरू केलं ते ती हरली म्हणून. तिच्यासारखं पुरतं हरणं फार थोड्यांना जमतं.

आता आपल्या डोंगरकड्याकडे येऊ. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं आपलं गाव. केळीचा ट्रक भरला की रोख पैसा, कारखान्याचा बॉयलर पेटला की उसाचा पैसा, हळद विकली की पुन्हा पैसा. पैसा येतो त्या दिवशी मोटारसायकल कुठं वळते हे मी सांगायला नको. पूर्वी लोक म्हणायचे, दारू गरिबाला लागते. आता बागायतदाराच्या ओसरीवर आणि मास्तराच्या कपाटातही ती आहे. म्हातारे वडील हातात काठी घेऊन पोराला शोधायला निघालेले मी पाहिलेत.

मग घरचे काय करतात? देवाकडे आणतात. चुकीचं नाही, देवाकडे नाही आणायचं तर कुठं? पण आणतात ते शपथ घालायला. माहूरगडावर नेतात, शिखरावर दत्तप्रभूंच्या समोर हातावर पाणी सोडायला लावतात. कोणी गळ्यात तुळशीची माळ घालतं. कोणी गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसवतं. आणि सांगायला आनंद वाटतो की सप्ताहाचे सात दिवस तो खरोखर पीत नाही. पहाटे उठतो, सोवळ्यात बसतो, पोथी वाचतो, लोकांना वाटतं सुटला. अडचण आठव्या दिवशी असते. पारणं झालं, मांडव उतरला, माणसं पांगली, संध्याकाळ झाली, आणि त्याच्याजवळ कोणी नाही.

शपथ मोडली की दुसरं संकट सुरू होतं. तो देवळात यायचा बंद होतो. माळ काढून खुंटीला अडकवतो, कारण माळेसह पिणं त्याला पटत नाही. एवढी श्रद्धा त्याच्यात शिल्लक असते, हे लक्षात घ्या. दत्ताच्या समोरून जाताना मान खाली घालतो, पुढं पुढं रस्ताच बदलतो. म्हणजे आपण त्याला देवाजवळ आणायला गेलो आणि एक दार होतं तेही त्याच्यासाठी लागलं. म्हणून माझ्याकडे कोणी शपथ घालायला आणलं तर मी घालत नाही. लोकांना राग येतो. येऊ द्या.

दोन वर्षांपूर्वी आरती झाल्यावर एक माउली मागं थांबली. गाव सांगत नाही, ओळख पटेल अशा बाकीच्या गोष्टीही बदलल्या आहेत. तिच्या मालकानं तीनदा माहूरला शपथ घेतली होती आणि तीनदा मोडली होती. ती मला म्हणाली, "महाराज, शपथ त्यायनं मोडली, पर पाणी सोडताना हाताला हात म्या लावला व्हता. त्याचं पाप मला लागंल का? लेकराला ताप येतो सारखा." तिच्या डोक्यावर नवऱ्याची दारू होती, कर्ज होतं आणि वर हे दत्ताचं भय आपण ठेवलं होतं. मी तिला सांगितलं, बाई, लेकराला दवाखान्यात दाखवा, पाप तुम्हाला नाही. आजारी माणसानं तापात काही बोललं तर देव त्याचा हिशेब ठेवत नाही.

आजारी हा शब्द मी सांभाळून वापरला आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेनं १९५६ साली मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. आजार म्हटल्यानं त्यानं घरात केलेली मारहाण माफ होत नाही, विकलेली गाय परत येत नाही. पण उपाय बदलतो. मधुमेहाच्या माणसाला आपण दत्तासमोर उभं करून "आजपासून साखर वाढवणार नाही" अशी शपथ घालतो का?

एक धोक्याची गोष्ट इथंच सांगतो, कारण आपल्या दत्तसंप्रदायाशी तिचा जवळचा संबंध आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं एकाएकी दारू बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप जाते. काहींना झटके येतात. काहींना भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दिसतात, कानात आवाज येतात. घरच्यांना वाटतं बाधा झाली. मग गाडी करून दत्तस्थानावर आणतात, कारण बाधा उतरवायला दत्ताशिवाय कोण! भक्तहो, हे बाधेचं लक्षण नव्हे. दारूला सरावलेल्या मेंदूला ती अचानक मिळेनाशी झाली, त्याची ही उलट आहे. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस यात दगावतो. आधी दवाखाना. हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय आहे, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरला लपवाछपवी न करता सांगायचं, रोज किती पीत होता आणि शेवटची कधी घेतली. दर्शन नंतर. दत्तप्रभू कुठं पळून जात नाहीत.

अंगातली दारू आठ-दहा दिवसांत उतरते. खरा प्रश्न पुन्हा तोच, आठव्या दिवसाच्या संध्याकाळचा. त्याचं उत्तर मला जे सापडलं ते दूरच्या देशातलं आहे, पण ऐका.

अमेरिकेत ॲक्रन नावाचं गाव आहे. १९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक माणूस धंद्याच्या कामाला तिथं गेला. शेअरबाजारातला हुशार माणूस, दारूनं धुळीला मिळालेला, आणि तेव्हा जेमतेम पाच महिने न पिता राहिलेला. धंद्याचं काम फसलं. खिशात पैसा नाही, परकं गाव, शनिवारची संध्याकाळ. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो येरझारा घालत होता. एका बाजूला दारूचा बार, आतून हसण्याबोलण्याचा आवाज येतोय. दुसऱ्या बाजूला टेलिफोन, आणि शेजारी गावातल्या चर्चची यादी. पिंगलेसारखाच तो इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेवटी त्यानं टेलिफोन धरला आणि यादीतल्या एका पाद्र्याला सांगितलं की मी दारुडा आहे आणि मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे.

आता त्या पाद्र्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. संध्याकाळी देवळाच्या पुजाऱ्याला असा फोन आला तर आपण काय करू? एक तर ठेवून देऊ, नाही तर अर्धा तास उपदेश करू. त्या पाद्र्यानं दोन्ही केलं नाही. त्यानं काही माणसांची नावं आणि फोन नंबर दिले. त्यातून एका बाईंपर्यंत पोहोचता आलं आणि त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी गावातल्या एका डॉक्टरशी भेट घडवली. डॉ. बॉब स्मिथ, शस्त्रक्रिया करणारे, स्वतः दारूत बुडालेले. पंधरा मिनिटं बसेन म्हणून आलेले डॉक्टर रात्रीपर्यंत बसले. कारण आयुष्यात पहिल्यांदा समोरचा माणूस त्यांना शिकवत नव्हता, स्वतःचं सांगत होता. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. त्या दिवसापासून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे नाव न सांगता एकत्र येणाऱ्या मद्यासक्तांची मंडळी, सुरू झाली असं मानतात. आपल्याकडे तिला ए.ए. म्हणतात. भारतात ती १९५७ साली आली आणि आज तिच्या सभा मराठीतही चालतात.

पुण्याचं मुक्तांगण आपल्यातल्या अनेकांनी ऐकलं असेल. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं आणि त्यासाठी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी मोठी देणगी दिली. तिथं राहून उपचार घ्यावे लागतात. पण मुक्तांगणचे लोकही हेच सांगतात की घरी गेल्यावर आपल्यासारख्यांच्या गटात जात राहा. उपचार संपतात, सभा संपत नाही.

त्या माउलीच्या मालकाचा चुलतभाऊ चाकणला कंपनीत आहे. नांदेडच्या दवाखान्यातून निघाल्यावर तो त्याच्याकडे काही दिवस राहायला गेला. माझं त्या वेळी पुण्यात प्रवचन होतं, तेव्हा त्याच्याबरोबर मीही एका सभेला जाऊन बसलो. काही सभा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, त्यात बाहेरच्यानं जायचं नसतं. काही सर्वांना खुल्या असतात. ही खुली होती.

शाळेचा एक वर्ग. पंचवीसेक माणसं. दारात कोणी नाव विचारलं नाही, नोंदवही नाही, फी नाही. चहाचे कप फिरले. एक रिक्षावाला होता, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक कोवळं पोरगं, दोन बायकाही होत्या. एकेकानं उठायचं, नुसतं पहिलं नाव सांगायचं, मी मद्यासक्त आहे म्हणायचं आणि आपली हकिकत सांगायची. मध्ये कोणी बोलत नाही. सल्ला देत नाही. अरेरे नाही, शाबास नाही. रिक्षावाला म्हणाला, आज मला पिऊन नाही म्हणायला नऊ वर्षं झाली, पण मी हिशेब आजच्या दिवसाचा करतो; आज रात्री झोपेपर्यंत घ्यायची नाही, उद्याचं उद्या. कोवळं पोरगं म्हणालं, मी काल प्यायलो. आणि कोणी त्याच्याकडे वाईट नजरेनं बघितलं नाही. त्याला म्हणाले, बरं झालं आलास, परत ये.

मी तिथं कोपऱ्यात बसून मनात म्हणत होतो, चोवीस गुरू म्हणतात ते हेच असतील. व्यासपीठ नाही, महाराज नाही, हार नाही. प्रत्येक जण दुसऱ्याचा गुरू आणि कोणीच गुरू नाही. अवधूतानं कोळ्याकडून शिकावं, अजगराकडून शिकावं आणि आपण रिक्षावाल्याकडून शिकू नये?

त्यांच्या बारा पायऱ्या आहेत. पहिली पायरी पिंगलेची मध्यरात्रच आहे. दारूपुढं माझं चालत नाही आणि माझा संसार माझ्या हातात राहिलेला नाही, हे कबूल करणं. पुढं आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवणं, तिच्या हाती स्वतःला सोपवणं, आपल्या चुकांची यादी करणं, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करणं, आणि शेवटी दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत हा निरोप नेणं. ती शक्ती कोणती हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आपला माणूस तिथं दत्त म्हणेल, शेजारचा अल्ला म्हणेल, देव न मानणारा त्या गटालाच शक्ती म्हणेल. कोणी कोणाला बाटवत नाही. ही शंका मला पुष्कळ जण विचारतात म्हणून स्पष्ट लिहिलं.

आणखी दोन शंका येतात. वाचणारे म्हातारे लोक हुशार आहेत. एक जण म्हणाले, महाराज, त्याच चोवीस गुरूंत ती कुमारिका आहे. पाहुण्यांसाठी भात कांडताना तिच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या, तिनं एकेक काढली आणि एकच ठेवली तेव्हा आवाज थांबला. म्हणजे एकट्यानं राहावं असाच बोध ना? मग या सभा कशाला? प्रश्न चांगला आहे. पण तो बोध अवधूतानं स्वतःसाठी घेतला. ज्याचं मन एकांतात देवाकडे जातं त्याला एकांत शोभतो. दारुड्याचं मन एकांतात कुठं जातं हे त्याच्या बायकोला विचारा. त्याला अजून काही वर्षं बांगड्यांचा आवाजच पाहिजे.

दुसरी शंका बहुतेक पिणारेच काढतात, आणि हसत काढतात. म्हणतात, पुराणात दत्तप्रभूंच्या हातात सुद्धा मद्य दाखवलं आहे. हो, मार्कंडेय पुराणात ती कथा आहे. मुनींची मुलं पाठ सोडीनात, प्रभूंना एकांत हवा होता, म्हणून त्यांनी सरोवरातून बाहेर येताना स्त्री बरोबर घेतली आणि मद्य घेतलं, जेणेकरून ही मंडळी विटून निघून जावीत. तिथं मद्याचं काम माणसांना दूर सारण्याचं आहे. आणि बघा, ते काम ते आजही चोख करतं. ज्याच्या हातात बाटली आहे त्याच्या भोवतालची माणसं एकेक करून निघून जातात. प्रभूंना माणसं नको होती. तुला नको आहेत का, असं मी त्याला विचारतो.

आता घरच्यांचं. दारू एक जण पितो आणि आजार सगळ्या घराला होतो. आई लेकाची उधारी गुपचूप फेडते. बायको मुकादमाला खोटं सांगते की ताप आलाय म्हणून आले नाहीत. बाप शेताचा तुकडा विकून जामीन राहतो. सगळं प्रेमानं, आणि प्रत्येक वेळी त्याची पिंगलेची रात्र एक दिवस पुढं ढकलली जाते. यांच्यासाठीही सभा आहेत. बिल विल्सनची बायको लोइस हिनं आणखी एका बाईबरोबर १९५१ साली अल-अनॉन सुरू केलं, पिणाऱ्यांच्या नातलगांसाठी. मुक्तांगणमध्ये बायकांच्या गटाला सहचरी म्हणतात. तिथं पहिली गोष्ट शिकवतात की त्याची दारू तुमच्यामुळं लागलेली नाही, तुमच्या ताब्यात ती येणार नाही आणि तुमच्या हातून ती बरीही होणार नाही. आपल्या बायकांना हे ऐकताना रडू येतं, कारण सासरच्यांनी आजवर उलटंच सांगितलेलं असतं. नवरा सभेला जावो न जावो, तिनं जावं. त्याच्या बरं होण्याची वाट बघत तिनं आपलं आयुष्य खुंटीला अडकवायचं कारण नाही. आणि तो हात उचलत असेल तर सभा नंतर, आधी तिनं लेकरं घेऊन सुरक्षित जागी जावं.

सभा शोधायची कशी, हा वृद्धांचा नेहमीचा प्रश्न. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. तिथं जवळचं केंद्र विचारता येतं. मन फार खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर १४४१६, टेलिमानस. ए.ए.चं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, त्यांच्याकडे कुठल्या गावात कोणत्या वारी सभा असते याची यादी असते. सरकारी दवाखान्यातल्या मनोविकार विभागात विचारावं. करोनाच्या काळापासून मोबाइलवरही सभा होऊ लागल्या, नातवाला सांगितलं तर तो लावून देईल. पहिल्या सभेला त्याला एकट्याला पाठवू नका, बरोबर जा आणि बाहेर बसा. एका सभेत मन लागलं नाही तर दुसरी बघावी, आपण कीर्तनाला नाही का महाराज निवडत! सुरुवातीला रोज जायला सांगतात, ते जास्त वाटतं. पण पीत होता तेव्हा तो रोजच जात होता की.

आणि जिथं सभाच नाही तिथं? दोन माणसं पुरतात. ॲक्रनमध्ये दोनच होती.

आपला तो गृहस्थ परत आला. सहा महिने बरे गेले, मग चुलत मेव्हण्याच्या लग्नात पाय घसरला. त्याच रात्री त्यानं पुण्याच्या त्या रिक्षावाल्याला फोन केला. शपथ घेतलेली असती तर तो तोंड लपवून बसला असता, माझी खात्री आहे. आता पुन्हा वर्ष होत आलं आहे. वारंगाफाट्याकडचा एक जण त्याला भेटला, मग आणखी एक. तिघांनी माझ्याकडे येऊन देवळामागची खोली मागितली, दर मंगळवारी संध्याकाळी सात ते साडेआठ. गुरुवारी देवळात गर्दी, म्हणून मंगळवार.

विश्वस्त मंडळीत यावर बरीच चर्चा झाली ती लिहित नाही. एवढं सांगतो की कोणी म्हणालं, देवळात दारुडे येणार का? मी म्हणालो, आजवर येतच होते, फक्त पिऊन. खोली मिळाली. मंडळींनी मोठ्या मनानं भाडं नको म्हटलं, तर त्या तिघांनी ऐकलं नाही. त्यांचा नियम आहे, बाहेरच्याची देणगी घ्यायची नाही आणि फुकट काही वापरायचं नाही. आपसांत टोपी फिरवून जमलेल्यातून महिन्याला शंभर रुपये देतात आणि पावती मागतात. तेव्हा कृपा करून कोणी त्यांना चहासाखरेचे पैसे देऊ नयेत.

आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. त्या वेळी आत जाऊन आशीर्वाद देऊ नका, मीही जात नाही. भजनाचा आवाज मागं जाईल असा कर्णा लावू नका. ओट्यावर बसून कोण आत गेला हे मोजू नका, आणि गेलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी पारावर नाव घेऊ नका. एखाद्या आठवड्यात कोणी झुलत आला तर त्याला हाकलू नका, त्या तिघांना बोलवा, त्यांना ते काम येतं. खोलीत दत्ताची तसबीर आहे ती राहील, पण तिच्यापुढं कोणाला हात जोडायला लावू नका.

राहता राहिला उत्सव. सप्ताहात शिधा, मोठी पातेली आणि पत्रावळ्या त्याच खोलीत ठेवायची आपली जुनी पद्धत आहे. यंदा सप्ताहात मंगळवार येतोच आहे. आचारी मंडळींना मी सांगून ठेवलं आहे, तुम्हीही लक्ष ठेवा. तेवढं सामान माझ्या ओसरीवर उतरवा, जागा भरपूर आहे, आणि खोली सहाच्या आत झाडून मोकळी करा.